मनुके नाचले तो तास

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी आठवीच्या फाउंडेशन बॅचला रसायनशास्त्र शिकवत होते. शिकवत होते म्हणजे पर्याय निवडायला शिकवत होते. कोणते तीन पर्याय आधी वगळायचे आणि उरलेल्या एकावर टिक कशी करायची, हे. माझं स्वतःचं शालेय शिक्षण मुखेडला झालं. तिथं प्रयोगशाळेचं कुलूप तपासणीचे साहेब आले की उघडायचं आणि ते गेले की परत लागायचं. लिटमसचा कागद रंग बदलतो हे मी बी.एस्सी.ला गेल्यावर पाहिलं. तोवर फक्त पाठ केलं होतं.

एकदा फळ्यावर प्रश्न होता, शीतपेयात कोणता वायू असतो. सगळ्या वर्गानं एका सुरात उत्तर दिलं, कार्बन डायऑक्साइड. मी पुढच्या प्रश्नाकडे वळणार, एवढ्यात एका मुलीनं हात वर केला. ती शिरूर अनंतपाळची. इथं होस्टेलला राहायची, फारसं बोलायची नाही.

"मॅडम, बाटलीचं झाकण लावलेलं असतं तवा ते बुडबुडे कुठं असतात?"

पोरं हसली. मी दाब, द्रावण वगैरे सांगितलं. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. पण तिच्याकडे बघितल्यावर मला कळलं की तिला काही समजलेलं नाही, आणि आता ती पुन्हा विचारणारही नाही.

दुसऱ्या दिवशी मी पर्समध्ये मूठभर मनुके टाकले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"मनुके कुठं घेऊन चाललीस?"

"मुलांना दाखवायला."

"मनुके कधी बघितले न्हाईत का त्यांनी?"

क्लासखालच्या टपरीवरून मी साध्या सोड्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि टपरीवाल्याचा काचेचा ग्लास मागून घेतला. वर्गात ग्लासात सोडा ओतला, त्यात मनुके सोडले. ते सरळ तळाला गेले. "बुडाले," कुणीतरी म्हणालं.  हळूहळू मनुक्यांच्या सुरकुत्यांवर बुडबुडे चिकटायला लागले. मग एक मनुका डुलत वर आला. वर आल्यावर त्याचे बुडबुडे फुटले, तो उलटा झाला आणि पुन्हा खाली गेला. पाठोपाठ दुसरा आला. पोरं बाक सोडून टेबलाभोवती गोळा झाली.

ती मुलगी टेबलावर हनुवटी टेकवून बघत होती. "बुडबुडे त्याला उचलून राहिलेत," ती म्हणाली.

मी दुसरी बाटली तिच्या हातात दिली. तिनं झाकण उघडलं, फस्स झालं, बुडबुड्यांची रांग लागली. झाकण घट्ट लावलं, रांग विरळ होत थांबली. पुन्हा उघडलं, पुन्हा सुरू. तिनं हे इतक्यांदा केलं की शेवटी बाटलीत दमच राहिला नाही. "म्हणजे ते पाण्यातच लपलेले असतात. दाबून धरलं की भाईर येत न्हाईत," तिनं मला सांगितलं. कालचंच ते, पण आज तिचं होतं.

क्लासचे मालक, त्यांना सगळे सरच म्हणत, त्यांच्या केबिनमध्ये प्रत्येक वर्गाचा कॅमेरा दिसायचा. तास संपल्यावर त्यांनी बोलावलं. ते कधी आवाज चढवत नसत.

"मॅडम, आजचा टॉपिक राहिला."

"उद्या भरून काढते."

"ते काढालच. पण यापुढे वर्गात प्यायच्या पाण्याशिवाय दुसरी बाटली नको."

दुसऱ्या दिवशी मी बाटली नेली नाही. लिंबू नेलं. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो, लातुरात तो घरोघरी आहे. त्याच्या खरवडलेल्या खपल्या पुडीत नेल्या. खपलीवर लिंबाचे थेंब पडल्याबरोबर ती फसफसली. हाही तोच वायू, हे पोरांना पटेना. "बादलीत सोडा कसा येईल मॅडम?" यावर अर्धा तास वाद झाला. मी तो होऊ दिला. कॅमेरा डोक्यावरच होता.

पोरं तिथं थांबली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पण त्यांनी रविवारी होस्टेलच्या मेसमध्ये कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत मीठ ओतलं. फेस टेबलभर झाला, फरशीवर आला. मेसवाल्यानं तक्रार केली, पालकांना फोन गेले.

पालकसभेआधी सर म्हणाले, "सगळ्यांसमोर एवढंच सांगा, चूक झाली, पुन्हा होणार नाही. विषय संपेल."

मी "बघते" म्हणाले आणि घरून स्टीलचा जग, खायचा सोडा, लिंबं आणि एक मेणबत्ती पिशवीत टाकून सभेला गेले.

सभेत सगळ्यांत आधी त्या मुलीचे वडील उठले. शिरूरला त्यांचं कापडाचं दुकान. कपाळावर विभूती, बोलणं अदबीचं.

"मॅडम, राग मानू नका. पोरगी घर सोडून इथं राहून राहिली. कोल्ड्रिंक फसफसवायला न्हाई पाठवलं तिला आमी."

"दोन मिनिटं द्या मला," मी म्हणाले.

मेणबत्ती पेटवली. जगात सोडा टाकून त्यावर लिंबू पिळलं. फेस वर आला आणि बसला. मग मी जग ज्योतीवर हळूच तिरका केला. आतला लिंबाचा रस सांडला नाही, जगातून काहीच पडताना दिसलं नाही. ज्योत विझली.

 ते गृहस्थ पुढं आले, जगात वाकून बघितलं. "वरून रिकामाच हाय की."

"दिसतोय रिकामा. बाटलीतलाच वायू आहे त्यात, हवेपेक्षा जड."

त्यांनी स्वतः मेणबत्ती पेटवून मला पुन्हा करायला लावलं. पुन्हा विझली. "दिसत न्हाई, वास न्हाई. मग हाय कशावरून म्हणायचं?"

"हेच तुमच्या मुलीनं विचारलं होतं, जवळपास हेच. आणि मी तिला वाक्य पाठ करायला दिलं नाही, बाटली दिली."

मागून सरांनी विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

"नाही येत."

"मग आपलं जे ठरलं होतं ते बोला."

"ते तुमचं ठरलं होतं, सर. मेसची फरशी मुलांनी पुसायला हवी होती, ती मी उभी राहून पुसून घेईन. पण चूक झाली असं मी म्हणणार नाही, कारण झालेली नाही."

 आवाज नीट निघाला, याचं मला आजही बरं वाटतं.

त्या महिन्याअखेर मला येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मुलीच्या वडिलांनी माझी बाजू घेतली नाही आणि पोरीला क्लासमधून काढलंही नाही. त्यांचा राग मला नाही.

मी रविवारी सकाळी घराच्या ओट्यावर प्रयोग मांडून बसायला लागले. आधी आमच्या गल्लीतली पोरं आली, मग होस्टेलची काही, त्यात शिरूरची ती मुलगीही. सासूबाई धुसफुसल्या, "क्लास सोडून आता गल्लीत तमाशा." आमचं घर लिंगायत, त्यामुळे अंड्याचं कवच विरघळवायचा प्रयोग ओट्यावर होणार नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. मी मानलं. अंड्याऐवजी चुनखडीच्या शहाबादी फरशीचे तुकडे कोल्ड्रिंकमध्ये बुडवून ठेवायला लागलो. गुळगुळीत तुकडा खरखरीत झालेला बघून सासूबाईच म्हणाल्या, "ओट्यावर सांडू नका मग हे." तेव्हापासून आम्ही पोतं अंथरतो.

लोक विचारतात, याचा फायदा काय? नीटच्या परीक्षेत किती मार्क वाढतात? मी सांगते, मोजलेले नाहीत आणि मोजणारही नाही.

मध्यंतरी सरांचा फोन आला होता. नव्या प्रवेशांसाठी त्यांना जाहिरातीत प्रयोगांचे फोटो हवे होते.

"मॅडम, तासाभराचा डेमो करा. जगवाला घ्या, चांगला दिसतो तो."

"मुलांच्या नेहमीच्या तासाला ठेवा, येते. फोटोसाठी नाही."

"बघतो," ते म्हणाले. त्यानंतर फोन आला नाही. मीही केला नाही. परवाच्या रविवारी आम्ही सोड्याच्या दोन बाटल्यांना फुगे लावून एक उन्हात आणि एक सावलीत ठेवली, फुगा कुठं जास्त फुगतो ते बघायला.