खळ्यावरचं घर

आमच्या चुलीच्या जागी पाटलाच्या गड्यांनी तिवडा रोवला. मळणीचे बैल ज्या खांबाभवती फिरत्यात, तो. चूल अजून गरम हुती. आजीनं तव्यावरची अर्धी कच्ची भाकर उचलून पदरात घेतली.

आजा पाटलापुढं हात जोडून म्हनला, "जोहार मायबाप. लेकरं घिऊन कुटं जावं?"

"तुमचं काय रं, चार काट्या नि वर जुंधळ्याचं सरमड. उचला, बसा बांधापलीकडं."

मग भुईवर गोमूत्र शिंपडलं. आमचा विटाळ हुता म्हनं. आजीच्या हातानं सारवलेली भुई चालली, आमी न्हाई चाललो. थू असल्या सोवळ्यावर!

आईबाप पटकीनं गेले, तवा रोगाच्या भ्यानं गावानं महारवाड्यातलं आमचं छप्पर पेटवून दिलं. म्हातारा-म्हातारी, मी नि माझी धाकटी भईन उघड्यावर आलो. पाटील म्हनला, ऱ्हावा माझ्या शेतात. केवढी दया! दर सुगीला तो आमाला उठवायचा आनि मळणी झाली की नवी जागा दावायचा. आजी तरी सांजच्याला दिवा लावून पाटलाच्या लेकराबाळांसाठी देवाला मागायची.

त्या साली, तिवडा रोवल्यावर, मी त्याच खळ्यावर कणसं वाहत हुते. काष्टीचा बैलबाजार करून पाटलाचे व्याही आले हुते. खळ्यावर पाय आपटून म्हनले, "लई झ्याक झालंय की! मानसं किती लावली?"

"येक बी न्हाई. महाराचं छप्पर टाकू द्यायचं. म्हातारी वरीसभर सारवती, पोरी हुंदडत्यात. भुई दगडावानी हुती. सुगी आली की उठवायचं."

"डोस्कं हाय, पाटील!"

दोघं खदाखदा हसले. मी तिथंच, डोक्यावर पाटी घिऊन उभी. जनावर उभं असावं, तसं माझ्यादेखत बोलत हुते. आमी ज्याला घर म्हनत हुतो, ते ह्या भाड्याचं खळं हुतं. माझ्या आजीच्या हाताची सालं निघाली हुती सारवून सारवून.

मळणी झाली. पाटलानं नवी जागा दावली. काठीनं भुईवर गोल वढला. तवा कुटं माझ्या ध्यानात आलं, दर साली गोलच वढायचा. घर कवा गोल असतं का?

आजी शेनाचं घमेलं घिऊन वाकली. मी लाथ घातली. सगळं शेन पाटलाच्या धोतरावर उडालं.

"माजलीस व्हय गं?"

"खळं पायजे तर तुमच्या सुना आना सारवायला."

आजीनं माझ्या मुस्काटात दिली. मार खाल्ला, पन खाली वाकले न्हाई. पाटलानं आमाला तिथनंच हाकललं.

आमी जळक्या जागेवर गेलो. महारवाड्यात भिंत कुडाचीच घालायची, दगडाची न्हाई, ही गावाची रीत. रीत कशापायी, ते आता मला कळत हुतं. पेटवायला नि उठवायला सोपं.

मी वढ्यातनं पयला दगूड आनून टाकला. आजानं माझा हात धरला. "नगं पोरी. पुन्हा पेटवत्याल."

"दगूड पेटत न्हाई, आजा," मी म्हनले. "आनि आता हितनं आपून उठायचं न्हाई."

मग दुसरा आनायला वढ्याकडं गेले.