सांगलीला जाणारं दूध

माझी मुलगी साताऱ्यात जन्मली आणि तासाभरात सांगलीला गेली. माझं ब्लडप्रेशर वाढल्यामुळे ऑपरेशन करून तिला वेळेआधी बाहेर काढावं लागलं. तिला श्वास घेता येत नव्हता, आणि इतक्या लहान बाळाचं व्हेंटिलेटर त्या दिवशी मोकळं मिळालं ते सांगलीत. नवरा तिच्याबरोबर ॲम्ब्युलन्समधून गेला. मला दिसलं ते फक्त हिरव्या कापडातलं लालसर कपाळ.

दोन दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. मग नवऱ्याचा फोन आला. "डॉक्टर म्हणतात, नळीतून थोडं दूध देऊन बघू. पण आईचंच पाहिजे."

मी टाके विसरून उठून बसले. इतका वेळ सगळे माझ्यासाठी धावपळ करत होते आणि मला करण्यासारखं काही नव्हतं. आता होतं. सिस्टरने दूध कसं काढायचं ते दाखवलं. पहिल्या खेपेला पिवळा चीक आला, बाटलीचा तळ जेमतेम ओला होईल इतका. "येईल हळूहळू, घाई करू नकोस," माझी आई म्हणाली. मला तर घाईच होती.

पण ते सांगलीला नेणार कोण? नवरा तिकडे, आई माझ्यापाशी. राहिले सासरे, आमचे आबा. फौजेत रसद पोचवायच्या कामात त्यांची सगळी नोकरी गेलेली. लग्नाला चार वर्षं झाली तरी मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते. ते सोप्यात आले की मी आत जायची. आणि आता माझं दूध त्यांच्या हातात द्यायचं? मी बाटली रुमालात गुंडाळली, पिशवीत घातली, वर टॉवेल ठेवला आणि आईकडे दिली.

आबांनी माझ्यासमोरच पिशवी उघडली. "झाकू नगंस पोरी. ह्यात काय हाय मला ठावं हाय. बाटली बर्फात उभी ऱ्हायली पायजे, आडवी झाली तर सांडंल." आइस्क्रीमवाल्याकडून त्यांनी थर्माकोलचा डबा मिळवला होता. बाटली बर्फात घट्ट बसवून, झाकणाला चिकटपट्टी मारून ते सकाळच्या गाडीला गेले.

दुपारी फोन आला. "दिलं. चमचाभरसुद्धा नसेल. आता पचतंय का बघणार. पोटात तसंच राहिलं तर थांबवायचं म्हणाले."

मी फोन छातीवर ठेवून पडले. जेवणाचं ताट आलं तसं गेलं. वॉर्डातल्या सगळ्या बायकांना एव्हाना कळलं होतं, त्याही माझ्या फोनकडे बघत होत्या. शेवटी वाजला.

"पचलं," नवरा म्हणाला. "सगळं पचलं. पुन्हा देणार आहेत. अजून पाठव."

शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सासूने डब्यातली साखर काढून वॉर्डभर हातांवर ठेवली.

मग रोजचंच झालं. मी बाटली भरायची, आबा न्यायचे. गाडीत कुणी विचारलं, डब्यात काय, तर म्हणायचे, "नातीची शिदोरी." आत फक्त आईबापांना सोडत, म्हणून ते दारातच बाटली देऊन परत येत. त्यांनी नात अजून पाहिली नव्हती. मीही कुठे पाहिली होती?

मला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी आई, आबा आणि मी घरी रहिमतपूरला न जाता तशीच गाडी सांगलीला काढली. पोटावर उशी दाबून मी ड्रायव्हरला सारखी म्हणत होते, "हळू घ्या," आणि लगेच, "पण चला."

त्याच सकाळी तिच्या घशातली श्वासाची नळी काढली होती. नळी असताना बाळ रडलं तरी आवाज येत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. कोपरापर्यंत हात धुऊन, गाऊन चढवून मी आत शिरले. कुठूनतरी बिजागरी करकरल्यासारखा आवाज येत होता.

"ती तुमचीच," सिस्टर म्हणाली. "सकाळपासून चाललंय."

मी काचेच्या पेटीजवळ वाकले. "आले गं," म्हणाले. माझ्या येण्याचं तिला काही विशेष वाटलं नाही, ती रडतच राहिली. मला हसू आलं, हसताना टाके ओढले गेले आणि डोळ्यांत पाणी आलं. ते रडणं थांबूच नये असं वाटत होतं.

बाहेर आबा उभे होते. मी थेट त्यांच्यापाशी गेले. "आबा, रडतीय ती."

"मोठ्यानं?"

"लय मोठ्यानं."

"मधी दम लागतोय का?"

"न्हाई."

ते बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. सिस्टरने दार जरा किलकिलं धरलं. आबा मान खाली घालून ऐकत राहिले.

पुढे एकदा तिला जंतुसंसर्ग झाला, चार दिवस दूध बंद राहिलं, पुन्हा थेंबापासून सुरू केलं. मी आता तिथेच असल्यामुळे डबा न्यायचं कारण उरलं नव्हतं. तरी आबा सकाळच्या गाडीने येतच, माझ्यासाठी आळिवाची खीर घेऊन.

घरी निघालो तेव्हा दुपट्यातली मुलगी मी त्यांच्या हातात दिली. "हलकी हाय गं," म्हणाले, आणि गाडी फाटकाशी येऊन दोनदा हॉर्न वाजला तरी त्यांनी ती परत दिली नाही.