वादळाचा जाणकार बनीमवर पालथा

लातूरहून कंधारची बस सुटली आणि अहमदपूर यायच्या आत मी कोण आहे हे अख्ख्या बसला कळलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, मीच सांगितलं होतं. कंधारच्या एका वाचनालयात संध्याकाळी माझं व्याख्यान होतं: 'तापती पृथ्वी आणि वादळं'.

अहमदपूर मागे पडलं आणि चाक पंक्चर झालं. ड्रायव्हर जॅक लावत होता तेवढ्यात शेजारच्या रानातून गयाबाई आल्या. त्यांच्या वर्षभराच्या सोयाबीनची बनीम (कापलेल्या पिकाचा मोठा ढीग) ताडपत्रीखाली होती. मळणीयंत्र दुपारी येणार, पीक दमट राहिलं तर मशीन घेत नाही. त्यात वादळाची बातमी; ऊन द्यावं की झाकून ठेवावं? कंडक्टरनं मिश्कीलपणे माझ्याकडे बोट दाखवलं.

मी घसा साफ केला. वादळ पूर्व किनाऱ्यावर धडकलंय, तेलंगणात येता येता त्याचा दम जाईल, असं हात पसरून समजावलं.

"मग उघडू का, सर?"

"बिनधास्त उघडा."

गयाबाईंनी ताडपत्री काढली. मला ताक दिलं. दुसरा पेला पीत असताना पूर्वेकडून आभाळ काळं झालं. तापलेल्या समुद्रावरचं वादळ जास्त पाणी भरून घेतं आणि जमिनीवर दूर आत येऊन ओततं, हे माझ्याच भाषणाच्या चौथ्या पानावर होतं. इतरांना सांगायचं म्हणून लिहिलेलं मी स्वतः कशाला वाचतोय?

आम्ही ताडपत्री ओढली, पण वारा ती उडवून नेऊ लागला. तेव्हा मी माझ्या देहाचा एकमेव उपयोग केला. एका कडेवर पालथा पडलो. दुसरी कड गयाबाईंनी धरली. बसनं चारदा हॉर्न दिला आणि ती गेली.

पावसात त्यांनी विचारलं, "हे सारं त्या गरमीनंच का?"

चिखल थुंकत मी सांगितलं, की याच वादळाचं खापर एकट्या गरमीवर फोडता येत नाही. वादळं वाढतीलच असंही नाही, पण येतील ती जास्त जोराची, जास्त पावसाची असतील.

"हे आधी सांगायचं की."

कंधारला पोचलो तेव्हा सभागृहाला कुलूप होतं.

तिसऱ्या दिवशी परतताना मुद्दाम तिथं उतरलो. वरचा थर काळा पडला होता, आतलं पीक वाचलं होतं. मी माफी मागितली. गयाबाई म्हणाल्या, "तुमचं ऐकलं ही माझी चूक. पालथे पडलात म्हणून एवढं तरी हाय." मशीन आता उद्यावर गेली होती आणि पुन्हा पाऊस येणार, असं गावात म्हणत होते.

"येईल का, सर?"

आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या श्रोत्यासमोर मी म्हणालो, "मला सांगता येत नाही."

"मग दगड उचला."

ताडपत्रीच्या कडेनं दगड मांडता मांडता लातूरच्या दोन बस निघून गेल्या. एकीलाही हात केला नाही.