खळ्यावरचं पाणी

जानकूइतका हट्टी माणूस मढच्या पंचक्रोशीत शोधून सापडला नसता. धरण भरलं, आमचं जुनं गाव बुडालं, आणि भात पिकवणारा जानकू होडीतून मासे धरू लागला. वल्ही मी मारायचो. होडीमागे लांब दोरी सोडायची, टोकाला पितळी पळी कापून केलेला चकाकता पत्रा आणि गळ, त्याच्या जरा वर दगड. दगड तीन: पावशेराचा, किलोचा, अडीच किलोचा. होडी जोरात गेली की गळ वर उचलला जातो, रमतगमत गेली की खाली बसतो. दगड हलका पडला तर मासा खालून नुसता बघत राहतो, जड झाला तर गळ बुडालेल्या खोडांत अडकून तुटतो. जानकूला मात्र पाण्याखालचं गाव तोंडपाठ. इथं अमक्याचं वावर, चार परस पाणी, असं म्हणून तो दगड उचलायचा. परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. बहुतेक वेळा त्याचं खरं ठरायचं, आणि तेच त्याच्या डोक्यात गेलं होतं.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर त्याचा मावसभाऊ भिका म्हैस वळवायला पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही. बुडाला तो जानकूच्या बापाच्या जुन्या खळ्यावर. भिकाची आई चिमाबाई काठावर येऊन बसली. रडली नाही.

"आजच काड त्याला जानकू," ती म्हणाली. "त्याचं त्वांड बगू दे मला."

दोन दिवस पाण्यात राहिलेल्या माणसाचं मासे काय करतात, ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. तिलाही असणार.

जानकूनं दोरीला मोठे गळ बांधले आणि मधला दगड घेतला. मी म्हणालो, जड लाव. उन्हाळ्यात जानकू निरगुडसरला कांदे काढायला गेला होता, तेव्हा पाणी आटलं होतं आणि गाळ न्यायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्यांनी खळ्याकडची माती उकरली होती. हे सांगितल्यावर तो भडकला.

"माज्या बापाचं खळं हाय ते. सारवून सारवून दगड झालेलं. तितं कोन फावडं घालतंय? तीन परसाच्या वर पानी न्हाई."

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला अजून चीड येते. दिवसभर आम्ही तिथं येरझाऱ्या घातल्या. दोरी एकदाही तळाला घासली नाही, एवढ्यावरून तरी अक्कल यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी जानकू म्हणाला, पाण्याच्या ओढीनं पुढं गेला असेल, आणि आम्ही भलतीकडेच शोधत बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिका आपणहून वर आला, खळ्याच्याच जागी. जानकूनं तिथं दगड सोडून पाणी मोजलं. पाच परस भरलं.

होडीतच त्यानं भिकाला धोतरात गुंडाळलं. तोंडावर दोन वेढे जास्त घेतले. काठाला लागल्यावर चिमाबाईनं विचारलं, कसा दिसतोय माझा लेक.

"झोपल्यावानी हाय, मावशी."

तिनं धोतरावरूनच कपाळ चाचपलं, मग हात खाली नाकाच्या जागी आणला. तिथं तो थांबला.

"ऱ्हाऊ दे झाकल्यालं," ती म्हणाली. "लोकांनी इच्यारलं तर सांग, आयनं त्वांड बगितलं म्हनून."