बझर सरांनी दाबला होता

प्रश्नमंजूषा खेळता खेळता माझे केस पिकले. इतकी वर्षं जोडीदार मात्र एकच, मला शाळेत भूगोल शिकवलेले सर. ते चोपड्याचे, मी डिचोलीचा. खुल्या गटाची स्पर्धा वास्कोला असो की म्हापशाला, मी गाडी घेऊन त्यांच्या दारात हजर.

आमची एक सवय होती. उत्तर पक्कं असलं की टेबलाखाली गुडघ्याला गुडघा लावायचा आणि मगच बझर दाबायचा. कारण नियम कडक असतो. बझर वाजला की आपसात बोलायचं नाही. ज्यानं दाबला त्यानंच उत्तर द्यायचं.

अलीकडे सरांचा गुडघा लागायचा आणि उत्तर मात्र यायचं नाही. म्हणून पेडण्याच्या स्पर्धेआधी काकींनी, सरांच्या बायकोनं, मला फोन केला होता.

"हेंका नेव नको रे. थंय सगळे तेंचेच विद्यार्थी. लोक हसले तर?"

"मी आहे ना, काकी," मी म्हटलं. त्यांना सांभाळायला नेत होतो की मला जिंकायचं होतं, हे स्वतःलाही नीट विचारलं नव्हतं. दुसऱ्या कुणाबरोबर मी कधी जिंकलेलो नाही.

अंतिम फेरीत कॉलेजच्या दोन मुली आमच्या बरोबरीला होत्या. शेवटचा प्रश्न उरला. हॉल भरलेला. पुढच्या रांगेतला एक टकलू ओरडला, "सर, आज आमका गृहपाठ माफ!" सगळे हसले, सरही हसले.

निवेदकानं प्रश्न वाचला. "दोडामार्गाकडून गोव्यात उतरणारी तिळारी नदी समुद्राला मिळते, तेव्हा तिचं नाव काय असतं?"

माझा गुडघा हलायच्या आत बझर वाजला होता. सरांनी दाबला होता.

मला हायसं वाटलं. शापोरा. सरांच्या घराच्या पायरीवर बसलं की दिसते ती. तिच्यात ते पोहायला शिकले, तिचा नकाशा त्यांनी फळ्यावर किती वेळा काढला असेल.

सर माइककडे वाकले. ओठ उघडले आणि तसेच राहिले.

निवेदक घड्याळाकडे बघत होता. मुली श्वास रोखून बसल्या होत्या. टकलूचं हसू मावळलं आणि त्यानं शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो शेजारी सरांकडे ज्या नजरेनं बघायला लागला ती मला सहन झाली नाही. सरांचा हात बझरवरच होता. 

"शापोरा!" मी मोठ्यानं बोललो.

"जोडीदारानं बोलायचं नाही, साहेब," निवेदक म्हणाला. "उत्तर बाद. गुण वजा."

"सरांक बोलूंक दी मरे!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हॉल माझ्यावर हसला. माझ्यावर. ढाल मुलींना गेली.

गाडीत बसल्या बसल्या सर तापले. "अक्कल खंय ठेवलंस? माझ्या ओठांवर होतां! माझ्या दारातली नदी ती, माका सांगतंस?"

"चुकलं, सर."

"चुकलां म्हणे! इतकी वर्षां खेळतंस आणि नियम कळणत नाय?"

चोपड्यापर्यंत ते बोलत राहिले. इतक्या जोरात ते बऱ्याच दिवसांत कुणाला रागावले नव्हते.

घरी पोचल्यावर चप्पल काढता काढता त्यांनी काकींना सांगितलं, "ह्यानं घालवली गो ढाल," आणि तोंड धुवायला आत गेले.

काकींनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. आतून नळाचा आवाज येत होता, तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"खरां सांग. उत्तर येय होतां तेंका?"

त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. गप्प बसलो असतो तर त्यांना कळलंच असतं.

"येत होतं, काकी," मी म्हटलं. "मीच घाई केली."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि चहा ठेवायला गेल्या. मी तिथंच बसून राहिलो. मी त्यांच्याशी खोटं बोललो की सरांच्या तोंडातलं उत्तर खरंच हिसकावून घेतलं होतं, हे मला अजून माहीत नाही. सरांना विचारायचं धाडस मला होत नाही.