सुभेदारसाहेबांच्या गोळ्यांचा ताबा

माझं शेवटचं पोस्टिंग म्हैसूरच्या विजयनगरात झालं, माझ्याच घरापासून दोन गल्ल्या सोडून. ऑर्डर एका लेडी डॉक्टरनं काढली. पलटण सोडून तेव्हा मला नऊ वर्षं झाली होती. काम एकच. सुभेदार मानाजीराव जाधव साहेबांच्या दुखण्याच्या गोळ्या माझ्या ताब्यात ठेवायच्या, सकाळ-संध्याकाळ ठरल्या मापानं त्यांना द्यायच्या आणि जास्त मागितल्या तर द्यायच्या नाहीत.

शेवटचं कलम वाचायला सोपं आहे. मी हवालदार म्हणून रिटायर झालो. सुभेदारसाहेबांना 'नाही' कसं म्हणायचं, याचं ट्रेनिंग फौजेत हवालदाराला कोणी देत नाही.

मी फौजेच्या गोष्टी सांगायला बसलो की माझी बायको सुलोचना कुकर लावते. शिट्ट्यांमध्ये निम्मी गोष्ट जाते. पुतणे विचारतात, "काका, तुम्ही किती गोळ्या झाडल्या?" मी रेडिओ ऑपरेटर होतो. सगळ्या सर्व्हिसमध्ये मी हेडफोन घट्ट धरला आणि बॅटऱ्या वाहिल्या. तरी गोष्टी सांगतो. ही एक गोष्ट मात्र सुलोचना कुकर उतरवून ऐकते, कारण हिच्यात ती आहे.

आमचे आणि साहेबांचे पणजे म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते. घरात मराठी बोलतो, पण कानडीचं मीठ टाकल्याशिवाय ती आमच्या घशाखाली उतरत नाही. साहेब आणि मी एकाच पलटणीत होतो. ते वरचे, मी खालचा. विजयनगरात राहायला आल्यावरही तसंच. ते पुढे चालायचे, मी अर्धं पाऊल मागे. भाजी घ्यायला गेलो तरी.

रविवारचं रुटीन ठरलेलं. सकाळी फिरणं, मग दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं इडली खायच्या हॉटेलात, आम्ही चार-पाच पेन्शनर जमायचो. दवाखान्यातून आम्हाला महिन्याची औषधं मिळतात. कोणाला काही जास्त, कोणाला काही कमी. कॉफी आली की पिशव्या उघडायच्या.

"रावरे, गॅसची जास्त आहे का?" नायक पूवय्या मला विचारायचा. 'रावरे' म्हणजे कानडीत रावसाहेब. हा कोडगूचा, म्हणजे कुर्गचा, आमच्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात वाचाळ.

"आहे. तुझ्याकडे गुडघ्याची?"

"घे की. मला तिनं झोप येते. बायको म्हणते, आधी तरी कुठे जागा असतोस."

बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. आम्हाला वाटत नसे. फौजेत जोडीदाराकडे जे नसेल ते आपल्यातलं द्यायचं असतं. मोजे द्यायचे, विडी द्यायची, गुळाचा खडा द्यायचा. का पाहिजे, हे विचारायचं नसतं. आणि वरच्या माणसानं काही मागितलं, तर त्याचा बोभाटा करायचा नसतो.

साहेबांची पाठ सर्व्हिसमध्येच गेली होती. तिच्यासाठी त्यांना जी गोळी मिळायची ती अफूच्या भाऊबंदांतली. एक रविवार आड निघताना ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणायचे, "शंकर, एक पट्टी असेल तर बघ." माझ्या मानेसाठी मला तीच गोळी लिहून दिलेली होती. मी ती घेत नसे, त्यांना द्यायचो. साहेबांचं गुपित आपल्याकडे आहे म्हणून मनात थोडा फुगायचोही.

हळूहळू साहेब बदलले. माझ्या बुटांना पॉलिश कमी म्हणून ज्यांनी मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, ते दाढी न करता यायला लागले. बोलता बोलता डोळे मिटायचे. जागे असले की चिडायचे. आम्ही म्हणायचो, वहिनी गेल्या, मुलगा पुण्याला, एकटे आहेत, होतं असं.

मग एका रविवारी त्यांच्या हातातून खारा भाताची, म्हणजे तिखट उपम्याची, प्लेट सुटली. साहेब टेबलाला धरून खाली आले आणि अंग आखडून झटके द्यायला लागलं. पूवय्यानं डोक्याखाली हात घातला. मी रिक्षा थांबवली. हॉस्पिटलात झटके थांबले, तेव्हा लेडी डॉक्टर बाहेर आली. तिनं साहेबांचा शर्ट आम्हाला दिला. खिशात रिकामी पाकिटं होती.

"रोज किती घेतात हे?"

आम्ही सगळे भिंतीकडे पाहू लागलो.

"मी महिन्याला दोन पट्ट्या द्यायचो," पूवय्या शेवटी म्हणाला.

मी म्हटलं, "मीपण."

"मीपण," मागून आवाज आला. मग आणखी एक.

प्रत्येकाला वाटत होतं, साहेब फक्त आपल्याकडेच मागतात. डॉक्टरनं आमच्याकडे पाहिलं ते रायफल हरवलेल्या गार्डकडे सी.ओ. पाहतात तसं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती खुर्ची ओढून बसली आणि समजावून सांगायला लागली. ही वाईट सवय नाही, आजार आहे. शरीराला त्या औषधाशिवाय चालत नाही असं होऊन बसलंय. एकदम बंद केलं तर हाल होतील, म्हणून पायरी पायरीनं उतरवायचं. सोबत पाठीचे व्यायाम, बोलण्यासाठी समुपदेशक आणि याच वाटेवरच्या माणसांबरोबर आठवड्याची बैठक.

"आणि एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "माप उतरल्यावर कधी जीव कासावीस झाला आणि यांनी जुन्या मापानं गोळ्या घेतल्या, तर शरीराला त्या झेपणार नाहीत. श्वास थांबेल. म्हणून गोळ्या यांच्या हातात नकोत."

साहेब वॉर्डात राहिले. सुरुवातीला जांभया, वाहणारं नाक, अंगावर काटा. पाय एका जागी ठरेनात. बैठकीला बसायला तयार नव्हते. बाकीची माणसं त्यांच्या निम्म्या वयाची. दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तर साहेब त्या पोरांना वेळेवर बसायची शिस्त लावत होते. समुपदेशक बाई मला म्हणाल्या, "यांच्यामुळे आता कोणी उशिरा येत नाही. मीसुद्धा."

घरी सोडताना डॉक्टरनं विचारलं, "गोळ्या कोणाकडे देऊ? मुलाला बोलवायचं?"

"नको. शंकरकडे द्या."

"मी का, साहेब?"

"पलटणीत तुझ्याइतका भित्रा दुसरा नव्हता. नियम मोडायची तुझी छाती नाही."

डॉक्टरनं मान डोलावली. तिला माझी शिफारस पटली होती.

पद्धत साहेबांनीच ठरवली. ईशान्येला असताना मलेरियाच्या गोळीसाठी संध्याकाळी फॉल-इन व्हायचं. गोळी कडू, जवान ती गालात दडपून नंतर थुंकायचे. म्हणून साहेब प्रत्येकासमोर उभं राहून म्हणायचे, "गिळ. तोंड उघड. जीभ वर." आता रोज सकाळी साहेब त्यांच्या स्वयंपाकघरात सावधानमध्ये उभे राहायचे. मी गोळी आणि पाणी पुढे करायचो.

"बोल," ते म्हणायचे.

"तोंड उघडा, साहेब."

"उघडा काय? ऑर्डर दे."

"तोंड उघड. साहेब."

पहिले काही दिवस मी त्यांच्या तोंडाऐवजी खिडकीकडे पाहायचो. त्याबद्दलही बोलणी खाल्ली. मग सवय झाली. डॉक्टर माप थोडं थोडं उतरवत गेली. दाढी परत आली. पाठ दुखायचीच, पण साहेब सतरंजीवर पडून व्यायाम करायचे आणि दुखण्याला कानडीत शिव्या द्यायचे.

अर्धी वाट उतरलो होतो. एका सकाळी सुलोचनानं दार उघडलं आणि मागे वळून मला म्हणाली, "अहो, आज झेंडावंदन आहे का?"

दारात साहेब. नेव्ही ब्लू ब्लेझर, छातीवर मेडल्स, डोक्यावर बेरे टोपी. मी बनियन आणि लुंगीत. सावधान झालो. लुंगीत सावधान होताना एक हात गाठीवर ठेवावा लागतो.

"हवालदार."

"साब."

"चार गोळ्या. खिशात न्यायच्या आहेत. ऑर्डर आहे."

"सकाळची ठरलेली देतो, साहेब. तोंड..."

"चार म्हणालो."

चेहऱ्यावर घाम होता. जुनं माप मागत होते, आणि जुन्या मापाचं काय होईल ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गोळ्यांची पेटी कपाटात, किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला. खरं सांगतो, माझा उजवा हात आपोआप खिळ्याकडे गेला. फौजेनं तो हात तसाच बनवलाय. पण तिथं किल्ली नव्हती. सुलोचनानं ती केव्हाच काढून कमरेला खोचली होती.

"अण्णा, इडल्या निघतायत," ती म्हणाली. "आधी बसा ना."

"वहिनी, हे फौजेचं काम आहे."

"असू दे की. फौज काय उपाशी लढते?"

साहेब माझ्याकडे वळले. आता मलाच बोलायचं होतं.

"ना, साहेब," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला. म्हणून परत म्हणालो. "मिळणार नाही."

वाटलं, थोबाडीत बसेल. साहेब खुर्चीवर बसले. बेरे काढून गुडघ्यावर ठेवली.

"आज महादेवचा दिवस आहे, शंकर. बन्नूरला जायचंय. गोळीशिवाय त्याच्या आईसमोर मी कधी बसलो नाही."

तो गेला ती तारीख मी विसरलो होतो.

"मी येतो बरोबर," मी म्हणालो.

सकाळची ठरलेली एक गोळी त्यांनी घेतली. मी पँट चढवली. इडल्या खाल्ल्या. निघताना पूवय्याचा फोन आला. साहेब आधी त्याच्या दारात गेले होते. तो बाथरूममध्ये लपून बसला आणि बायकोला सांगायला लावलं की मडिकेरीला गेलाय. "रावरे, अजून आतच आहे," तो म्हणाला. "बाहेर येऊ का?"

बन्नूरच्या बसमध्ये साहेब सीटचा दांडा धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला बोटं पांढरी व्हायची. दोन्ही बाजूंना ऊस आणि भात. दोघांनाही तोच दिवस आठवत होता.

सिपाही महादेव बन्नूरचा. ईशान्येच्या एका डोंगरी रस्त्यावर पावसात कडा खचला आणि आमची पुढची गाडी दरीत गेली. बाकीचे वर फेकले गेले, महादेव खाली अडकला. साहेब, तेव्हा नायब सुभेदार, दोर बांधून उतरले. मी वर सेटवर होतो.

"कॅज्युअल्टी एक. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"धुकं आहे. थांबा. आऊट."

पुन्हा पुन्हा मी तेच मागितलं. तिकडून पुन्हा पुन्हा 'थांबा'. दुपारी साहेब त्याला पाठीवर बांधून चढ चढले. चिखलात घसरले, पडले, उठले. पाठ तिथे गेली. वर आणलं तेव्हा महादेव गेलेला होता.

त्याच्या आईला, निंगम्माला, साहेबांनी सांगितलं होतं: जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही. दर वर्षी जाऊन तेच सांगायचे, कॉफी प्यायचे आणि परतायचे.

निंगम्मा आता म्हातारी झालीय. ओट्यावर चटई टाकली. साहेब सावकाश बसले. तिनं कानडीत विचारलं, "या वर्षी चेहरा वेगळा दिसतोय. आजारी होतास?"

"होतो. दुखण्याच्या गोळ्या फार घेत होतो. आता सोडतोय."

"बरं करतोयस."

मग साहेब उसाकडे पाहायला लागले. ब्लेझरमध्ये घामाघूम.

"अम्मा, तो जागच्या जागी नाही गेला," ते म्हणाले. "माझ्या पाठीवर होता. बोलत होता. कालव्याला पाणी सोडलं असेल का, विचारत होता. मधेमधे विचारायचा, साहेब, मी जड होतोय का?"

मी चटईची काडी मोडत बसलो. मला वाटलं, ती रडेल.

"तू काय सांगितलंस त्याला?"

"नाही म्हणालो."

"खोटं," निंगम्मा म्हणाली, आणि हसली. पदरानं डोळे पुसत हसली. "जडच होता. शाळेत जायला लागला तरी बांध ओलांडताना मला कडेवर घ्यावा लागायचा." मग म्हणाली, "म्हणजे एकटा नव्हता. इतकी वर्षं मला वाटायचं, एकटाच पडून होता."

तिनं आतून एरंडेल कोमट करून आणलं आणि साहेबांना शर्ट काढायला लावला. सुभेदारसाहेब ओट्यावर पालथे, ब्लेझर खुंटीला, मेडल्स वाऱ्यानं वाजतायत, आणि निंगम्मा पाठ रगडतेय. साहेब "अय्यो अम्मा" म्हणून ओरडत होते. मी हसलो, म्हणून मला विहिरीचं पाणी काढायला पाठवलं.

पुढे काही महिन्यांनी डॉक्टरनं गोळ्या बंद केल्या. पाठ अजून दुखते. साहेब बैठकीला अजून जातात. रविवारी दर्शिनीत पिशव्या उघडत नाहीत, नुसती कॉफी.

महादेवच्या दिवशी आता मी, साहेब आणि पूवय्या तिघं जातो. निंगम्मा दर वर्षी तो चढ पुन्हा ऐकते आणि साहेब एकही पायरी न गाळता सांगतात.

सिपाही महादेव, मुक्काम बन्नूर. पलटणीच्या नोंदीत वजन बासष्ट किलो. त्या चढावर त्याहून बरंच जास्त होतं, असं साहेब म्हणतात.