शून्यावरून एक

सरकारी नोकरीत मी जेवढी शून्यं काढली, तेवढी गणिताच्या मास्तरांनीही पोरांच्या वह्यांत काढली नसतील. आमच्या कागदावर त्याला शून्य म्हणत नसत, 'निरंक' म्हणत. शब्द भारदस्त असल्यामुळे काहीतरी काम केल्यासारखं वाटे.

आणीबाणीच्या आधीची वर्षं. पोशीर नदीच्या पलीकडच्या एका गावात मी ग्रामसेवक होतो. दर मार्चअखेर वरून एक तक्ता येई. सार्वजनिक विहिरी किती, त्यांपैकी सर्वांना खुल्या किती, पाणी भरू न दिल्याच्या तक्रारी किती. मी लिहायचो: दोन, दोन, निरंक. नेरळ स्टेशनबाहेर अर्धा कप चहा संपेपर्यंत सबंध गावाची समता मोजून व्हायची.

अगदी न विचारता लिहीत होतो असं नाही. पहिल्या वर्षी बौद्धवाडीत जाऊन मी चार माणसांना विचारलं होतं, "गावच्या विहिरीवर तुम्हाला कुणी अडवतं का?" चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाय." मी इतका खूश झालो की सायकलवरून परत येताना शीळ घालत होतो. पुढची दोन वर्षं तेच 'नाय' मी पुरवून पुरवून वापरलं.

चौथ्या वर्षी, मार्चमध्येच उन्हं चांगली तापल्यावर, वाडीत गेलो होतो. रेल्वेतल्या एका गँगमनच्या घरी पाणी मागितलं. त्याच्या बायकोनं तांब्या आणून दिला. तळाशी बोटभर गाळ.

"बाई, हे कुठलं पाणी?"

"नदीत खड्डा खणलाय, त्यातलं. वाडीतली विहीर आटली न्हवं."

"मग गावच्या विहिरीवर जा की. तुम्हीच लोक म्हणालात, कुणी अडवत नाही."

"जातंय कोण भाऊसाहेब, अडवायला?"

ती हे रागानंही बोलली नाही. शाळेत न येणाऱ्या पोराला कुणी छडी मारत नाही, इतक्या साध्या सुरात बोलली. माझ्या तीन वर्षांच्या निरंकांचा हिशेब तिनं उभ्या उभ्या संपवला.

शहाण्या माणसानं इथं गप्प बसून विचार केला असता. मी म्हणालो, "उद्या तुम्ही जा. विहीर सर्वांसाठी खुली आहे. पाटी मी स्वतः रंगवून घेतली आहे."

"तुमी येनार तिथं?"

"कायदा आहे ना."

म्हणजे मी जाणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी मला कर्जतला मीटिंग होती, आणि ती असल्याचा मला आनंदच झाला होता.

ती गेली. तिला कुणी अडवलं नाही. विहिरीवरच्या बायकांनी पोहरा वर ओढला, दोर सोडून गुंडाळला आणि घरी नेला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा दोर घेऊन गेली. तेव्हा एक जण म्हणाली, "थांब गं वाईच, आमचं होऊं दे." मग जी नवी येईल तिच्यासाठी, "हिचं बी होऊं दे." ही दुपारपर्यंत उभी. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तिनं भरलेला हंडा माझ्या कचेरीच्या दारात ठेवला.

"लिवा."

"काय लिहू? अडवलं का?"

"नाय."

"शिवीगाळ?"

"नाय. लई ग्वाड बोलतात."

"मग तक्रार कशाची लिहायची?"

"सकाळची गेले, आता आले. तुमच्या हाताला घड्याळ हाय ना?"

मी तक्ता पुढून पाहिला, मागून पाहिला. 'थांब गं' याला रकाना नव्हता. शेवटी निरंक न लिहिता 'एक' लिहिला. नोकरीतला माझा तो एकमेव शूर एक.

आठ दिवसांत कर्जतच्या पंचायत समितीतून साहेबांचं बोलावणं आलं. तिथला कारकून डोक्याला हात लावून बसला होता. तक्त्यात गेल्या वर्षीच्या तुलनेत वाढीची टक्केवारी मागितली होती. "गेल्या वर्षी शून्य, यंदा एक. शून्यानं भागू कसं? तुम्ही मागच्या वर्षी एक तरी दाखवायची होती." शेजारचा म्हणाला, शंभर टक्के लिही. तिसरा म्हणाला, अनंत. अनंत टक्के बिघडलेलं गाव म्हणून साहेबांनी मला आत घेतलं.

"आजूबाजूची सगळी गावं निरंक आहेत. तुमच्याच गावाला काय झालं?"

मी समजावलं. आधी कुणी जातच नव्हतं म्हणून तक्रार नव्हती. आता एक बाई जाते म्हणून आहे.

"म्हणजे सुधारणा झाली."

"हो साहेब."

"मग तक्रारी वाढल्या कशा?"

माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. आणि मला कळत होतं त्याचा काही उपयोग नव्हता, कारण स्टेशनजवळच्या गावी बदलीसाठी माझा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. 'तक्रार मिटली' असा कागद करून बाईची सही आणा, म्हणाले. मी गेलो. लाज वाटत होती, पण गेलो.

तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं. "काल मी किती वाजता पानी भरलं, इचारलंत?"

विचारलं नव्हतं.

"तुमचा एक तुमी खोडा. माझ्या हातानं नाय."

तेवढीही धमक माझ्यात नव्हती. बिनसहीचा कागद घेऊन परत गेलो, तर कारकुनानं ब्लेडनं 'एक' खरवडून तिथं आधीच निरंक लिहून ठेवलं होतं. "तुमचं काम केलं, चहा पाजा." मी पाजला. वर भजीही सांगितली.

परतताना ती वाटेत भेटली, रिकामा हंडा कमरेवर.

"गेला का वर, माझा एक?"

"गेला," मी म्हणालो.

"मग आता थांबत नाय मी."

दुसऱ्या सकाळी तिनं विहिरीवर सांगितलं, "माझी तक्रार वर गेलीय. आता कुनाकुनाची नावं जातात ती बघते," आणि नंबर आला तसा पोहरा सोडला. 'थांब गं' म्हणणारी बाई त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली. "भाऊसाहेब, माझं नाव नाय ना लिवलंत?" मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "कागद आता माझ्या हातात नाही." तेवढं मात्र खरं होतं.

उन्हाळाभर ती रांगेतच पाणी भरत राहिली. आणि मी उन्हाळाभर घाबरत राहिलो, कर्जतहून कुणी येऊन तक्रार निरंक आहे असं बोलून गेलं तर ही पुन्हा दुपारपर्यंत उभी राहील म्हणून.

पावसाळ्यात माझी बदली झाली. नव्या ग्रामसेवकांना चार्ज देत होतो, तेव्हा ती दारात आली. "या भाऊसाहेबांना बी माझा कागद दावून ठेवा." ते बिचारे फाइल चाळायला लागले. मी फाइल त्यांच्या हातातून काढून घेतली, बाई गेल्यावर दार लोटलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी चार्जच्या कागदावर सही केली. मग म्हणाले, "आणि बाईंनी मला विचारलं तर?"

"वर गेलाय म्हणा," मी म्हणालो.